चढावर बंद पडणारी बॅटरी

तिसरा तास उलटला तरी दिवे विझायचं नाव घेईनात. फळीवर चार दिवे, त्यांना जोडलेली विजेच्या सायकलची बॅटरी, आणि समोर स्टुलावर म्हातारा पोस्टमन. बॅटरी तो घरून पूर्ण भरून घेऊन आला होता. ती रिकामी व्हायला किती वेळ लागतो, त्यावरून तिच्यात किती जीव उरलाय ते कळणार होतं.

"काका, घरी जाऊन या. झालं की फोन करते," बॅटरी तपासणारी मुलगी म्हणाली.

"बसतो. चोर समोर पकडलेला बरा."

चोर म्हणजे बॅटरी. बायकोने ती सायकल घेतली तेव्हाच त्याने नाक मुरडलं होतं. त्याने स्वतः चाळीस वर्षं साध्या सायकलवर टपाल वाटलं होतं. रोज संध्याकाळी दोघं तळ्यापर्यंत जात. तो पायडल मारत, ती मोटारीवर. परतताना चढाच्या पायथ्याशी तिची सायकल हमखास बंद पडे. "अहो, गेली बघा," ती म्हणे. मग दोघं उतरून सायकली ढकलत वर येत. वर पोचेपर्यंत तो बॅटरीला नावं ठेवी, मग ती विकणाऱ्याला, मग आजच्या जमान्याला, आणि तेवढ्यावर चढ संपला नाही तर मागच्या जमान्यातल्या पोस्टमास्तरालाही. माथा आला की सायकलवर बसायचं आणि गप्प.

गेलं वर्षभर चढाला त्याच्याच छातीत भाता चाले. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बॅटरी गेली की उतरायला मिळे, ते त्याच्या पथ्यावरच पडे. पण साठी उलटलेल्या बाईने रोज ते धूड ढकलायचं, हे त्याला बघवेना. बॅटरी मेलेली निघाली तर आजच नवी घ्यायची, मग आपलं काय व्हायचं ते होवो, असं ठरवून तो आला होता.

तीन तास चाळीस मिनिटांनी दिवे विझले.

"नवी चार तास चालते, काका. ही ठणठणीत आहे."

"मग चढाला का मरते?"

मुलीने मोबाइलवर बॅटरीच्या आतल्या नोंदी उघडल्या. वर-खाली बोट फिरवलं. "आपणहून एकदाही बंद पडलेली नाही. कोणीतरी बटण दाबतंय."

पोस्टमनचे कान तापले. म्हणजे बायकोने भाता ऐकला होता. आपण रोज बॅटरीला फैलावर घ्यायचं आणि तिने मुकाट्याने ऐकून घ्यायचं. नवऱ्याची लाज राखायला बाईने स्वतःच्या सायकलवर आळ घेतला होता. त्याने बॅटरी उचलली, वाटेत दोनदा थांबून घरी आणली आणि पुन्हा भरायला लावली.

संध्याकाळी पायथ्याशी तो तिच्या आधी उतरला.

"बटणाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "दम मला लागतो. तू हो पुढे, मी येतो सावकाश."

तिने ब्रेक दाबला आणि वळून पाहिलं.

"दम लागतो? कधीपासून? आणि हे आज सांगताय? उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, कारणं चालणार नाहीत."

"तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं कळणार? तुमची टकळी चालू असते की."

"मग बटण कशाला दाबायचीस?"

ती खाली उतरली. सवयीने बटण बंद केलं आणि सायकल ढकलू लागली.

"घरी तुम्ही पेपरात तोंड खुपसून, सायकलवर नाकासमोर. बोलता ते या चढावरच," ती म्हणाली. "चढच जरा छोटा आहे."