नमुन्याची बाटली

रेडिओ केंद्रात मुलाखत चालू असतानाच कारखान्याने पोसलेल्या भैरूने लाथेने दार तोडलं. कारखान्यामुळे विहिरीत विष उतरलंय असं सांगणाऱ्या संशोधक बाईंच्या तोंडावर त्याने ठोसा हाणला. रक्त माइकवर उडालं.

"कारखान्याला बदनाम करतेस? आमची वस्ती याच विहिरीचं पाणी पिते. लोकांना ऐकू दे, मी पिऊन दाखवतो." टेबलावरची नमुन्याची बाटली उचलून त्याने तोंडाला लावली.

कोसळलेल्या बाई उसळून उठल्या. त्यांच्या फटक्याने बाटली भिंतीवर जाऊन फुटली.

"पिऊ नका, भाऊ," त्या रक्त थुंकत म्हणाल्या.

भैरूची वळलेली मूठ सैल पडली. खिशातला फोन काढून त्याने बायकोला लावला.

"माठ आधी ओतून टाक. पोरांना पाजू नको."

माइक अजून चालूच होता.