टोपीतली पुसलेली शाई

जुन्या फौजी सोला हॅट, म्हणजे उन्हासाठीच्या भेंडाच्या टोप्या, जमवणाऱ्यांसाठी मी संदर्भग्रंथ काढत होतो. तेलगावच्या नव्वदीतल्या भिवराबाईंकडे त्यांच्या नवऱ्याची एक हॅट होती. फोटो काढले, माप घेतलं. पण आतल्या नावाची शाई घामानं पुसून गेलेली. माझ्या ग्रंथात नावाचा रकाना रिकामा चालत नाही.

"आजी, कुणाची म्हणून छापू?"

"आमी मालकाचं नाव घेत न्हाई, बाबा. रामाच्या बापाचं जे नाव, तेच लिही." आणि त्या पदराआड हसल्या.

वर्षानं छापील ग्रंथ घेऊन गेलो. फोटोकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

"वाचून दाखव."

"रंग खाकी. डावा काठ चेपलेला. वापरणारे, शिपाई दशरथ, तेलगाव."

"शेवटचं परत वाच."

वाचलं.

"अजून एकदा."

"काही चुकलं का, आजी?"

"न्हाई रे. सासूबाई गेल्यापासून ह्या घरात ते नाव कुणाच्या तोंडून निघालं न्हाई. मला घेता येत न्हाई, पण ऐकू तर वाटतंय की."