तात्यांचा अंदाज

"वादळ चारला लागेल म्हणून रेडिओ सांगतो," भिकाजी ओटीवर टेकत म्हणाला. "आत्ता दहा झालेत. खाडीच्या तोंडावरची जाळी काढून आणायला चार तास पुरतील. पोरं होडीत बसून आहेत." मग त्याची नजर सवयीने आतल्या दाराकडे गेली. वादळ किनाऱ्याला कधी लागणार, हे गाव तात्यांना विचारून ठरवायचं, आणि तात्यांना जाऊन आज सातवा दिवस होता.

"आता कोण सांगणार, काका," शालन म्हणाली. वडील नाहीत, हे तिला पहिल्यांदाच कुणाला तरी सांगावं लागत होतं.

"पोरांना पाठवू नको, भिकाजी," आतून आई म्हणाली. सात दिवसांत तिचा आवाज असा बाहेर आला नव्हता. "काल मिनिटाला चार लाटा फुटत होत्या. आता सात फुटतायत. एकच्या आत येतंय ते."

भिकाजी ओशाळून हसला. "वहिनी, तुम्ही कधीपासून लाटा मोजायला लागलात?"

"होडीच्या इंजिनापाशी बसून बसून ह्यांचे दोन्ही कान गेले, तेव्हापासून."

शालनला आठवलं, कुणी विचारायला आलं की तात्या आधी आत आईकडे पाणी प्यायला जायचे, तिच्या बोटांकडे बघायचे आणि मग बाहेर येऊन वेळ सांगायचे.

भिकाजी उठला, पण पायरीवर घुटमळला. "नक्की ना, वहिनी?"

"ह्यांना कधी विचारलंस असं?"

भिकाजीने मान खाली घातली आणि पोरांना हाका मारत तो किनाऱ्याकडे धावला.