टाकी भरेपर्यंत

पंचशीलाचा स्कार्फ मशीनमध्ये ओढला गेला, तेव्हा प्लेटांच्या खोलीत ती एकटीच होती.

छपाईच्या पातळ ॲल्युमिनियमच्या प्लेटा हे मशीन आपणच उचलून घ्यायचं. रबरी कप खाली यायचे, हवेनं प्लेट धरायचे, दोन प्लेटांमधला कागद बाजूला टाकायचे आणि प्लेट रोलरांच्या तोंडात द्यायचे. माणसानं नुसती थप्पी लावून ठेवायची. त्या दुपारी एक कागद प्लेटेला चिकटून बसला. तो काढायला पंचशीला झाकण उघडून आत वाकली. झाकण उघडल्यावर मशीन थांबायला हवं होतं. पण धुळीमुळं तिथला स्विच सारखा अडायचा आणि काम खोळंबायचं, म्हणून प्रेसच्या मालकीण सौदामिनीताईंनी त्यावर चिकटपट्टी लावून घेतली होती. पुण्याचा मेकॅनिक येईपर्यंत असंच चालू द्या, म्हणाल्या होत्या. मेकॅनिक येत नव्हता. त्या उन्हाळ्यात लातूरला यायचं म्हटलं की माणसं आधी पाण्याचं विचारत.

कागद सुटला आणि कप खाली आले. प्लेटेबरोबर त्यांनी स्कार्फचं टोकही उचललं. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तिनं तो तोंडावरून घेऊन मानेमागं घट्ट बांधला होता. रोलर फिरले. तिची मान खाली गेली, गाठ आवळली, कपाळ पत्र्यावर आपटलं. बंद करायचं लाल बटण मशीनच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिनं हात ताणला. पोचला नाही.

एवढ्यात बजर वाजायला लागला आणि रोलर थांबले.

तिचा चेहरा रोलरांपासून चार बोटांवर होता. श्वास जेमतेम येत होता. काय झालं ते तिला लगेच कळलं. भिंतीपलीकडं प्लेटा धुवायची टाकी होती, तिच्यातलं पाणी संपलं होतं. पाणी संपलं की सगळं काम तिथल्या तिथं थांबायचं. आणि पाणी भरलं की कुणी बटण न दाबता, जिथं थांबलं तिथून पुढं सुरू व्हायचं.

वाचले, असं वाटायला आणि पलीकडं चपला वाजायला एकच गाठ पडली. तो रेवणसिद्ध होता, छपाईच्या मशीनवरचा. प्लेटांसाठी त्याचं काम अडलं होतं. पिंपावरचं झाकण सरकलं. घागर बुडाल्याचा आवाज आला. मग टाकीत पाणी पडायला लागलं.

ज्या आवाजासाठी सगळं गाव दोन महिने कान लावून बसलं होतं, तोच आता थांबावा म्हणून पंचशीला धडपडायला लागली.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. गाठीखाली बोट घालून पाहिलं, तर गाठ दगडासारखी झालेली. पत्र्यावर नखं आपटली, बजरपुढं ती कुणाला ऐकू जाणार. पलीकडं एक घागर संपली, दुसरी बुडाली. डावा हात मागं चाचपडत गेला आणि थप्पीवरच्या प्लेटेला लागला. तिनं ती काठाला धरून ओढली आणि होती नव्हती ती ताकद लावून हलवली.

पातळ पत्रा गडगडला. खोलीभर गडगडला.

पाण्याची धार थांबली.

"ताई, ढग वाजला," रेवणसिद्ध म्हणाला, आणि त्याच्या चपला दूर गेल्या. अंगणाकडं.

पंचशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुन्हा पत्रा हलवायला गेली, तर हात घामानं निसटला. पलीकडं आता बांगड्या वाजल्या. शिकवणीवाल्यांची पोस्टरं संध्याकाळच्या आत द्यायची होती. सौदामिनीताईंनी स्वतःच घागर उचलली होती. धार पुन्हा सुरू झाली. पंचशीलानं प्लेट धरली. धारदार कड तळहातात रुतली. तिनं सोडली नाही. हलवत राहिली.

अंगणात रेवणसिद्ध वर बघत उभा होता. आभाळ पांढरंफट होतं, ढगाचा ठिपका नव्हता. आणि गडगडाट त्याच्या पाठीमागून येत होता, प्रेसमधून.

तो धावला. प्लेटांच्या खोलीचं दार ढकललं आणि आत पाहिलं.

"ताई, पाणी वतू नका!" तो भिंतीकडं तोंड करून ओरडला आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला.

तोवर टाकी भरून रोलर एकदा हलले होते. बोटभर. मग मशीन निपचित पडलं.

त्यानं कटरनं स्कार्फ कापला, तोवर पंचशीलानं डोळे मिटून घेतले होते. सुटल्यावर ती फरशीवर बसली. सौदामिनीताई दारात आल्या, अर्धी घागर कमरेवर तशीच. त्यांनी तिच्या मानेवरचा लाल वळ पाहिला, मग झाकणाखालची चिकटपट्टी. घागर खाली ठेवून त्या नखानं पट्टी खरवडायला लागल्या. उन्हानं वितळून ती चिकटून बसली होती. निघेना. दवाखान्यात जाऊ, असं त्या दोनतीनदा म्हणाल्या, पण मान वर न करता.

आत गुदमरत होतं, म्हणून पंचशीला भिंत धरत अंगणात आली.

शेजारच्या घरांपुढं बायका जमल्या होत्या. पत्र्यांच्या पन्हळीखाली पातेली, बादल्या, कळश्या, एक पाळण्याएवढी परात, सगळं ओळीनं मांडून झालं होतं. त्यांतली लक्ष्मम्मा मावशी कुंपणाशी उभी राहून, कपाळावर हात धरून आभाळ न्याहाळत होती.

"गडगडलं नव्हं गं?" तिनं विचारलं. "लई जवळ होतं."

पंचशीलानं गळ्यावर हात ठेवला.

"हाव मावशी," मग ती म्हणाली. "लई जवळ होतं."