पुढच्या थंडीसाठी

दांडीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती आणि धुक्यात समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. बोईसरचे कमलाकांत दर थंडीत इथे एका दुर्मीळ पक्ष्यासाठी यायचे. काळापांढरा, जाड चोचीचा, खेकडे खाणारा. हे नववं वर्ष. वाळत घातलेला जवळा राखत बसलेल्या चंद्रकांताताईंना त्यांनी त्याचा फोटो कधीच दाखवून ठेवला होता. आल्या आल्या ते विचारायचे, "दिसला का?" ताई म्हणायच्या, "नाय."

आज तो धुक्यातून चालतच आला. ताईंनी पाखरं हाकायची काठी हळूच खाली ठेवली. कमलाकांत दुर्बिणीतून बघत राहिले, तो पाण्याकडे उडून जाईपर्यंत.

"हाच काय तुमचा?"

पुढच्या थंडीतली रिकामी सकाळ कमलाकांतांच्या डोळ्यांपुढे आली.

"नाही. त्याच्यासारखा आहे, पण तो नाही."

ताईंनी किटलीतला चहा ओतून कप त्यांच्यापुढे धरला.

"चार वर्सं झाली, रोज येतो हा, तुमी गेल्यावर. मी तरी कुठं सांगितलं तुमाला?"