बत्तिसावी शेळी

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. धाराशिवच्या कॉलेजात शिकवणाऱ्या समद सरांनी बेंबळी गावातल्या शेळ्यांवर शोधनिबंध लिहिलाय. जर्नलमध्ये तो छापून आला की सरांची बढती पक्की, आणि पाठवायची मुदत आज संध्याकाळपर्यंतच. वजनं हवी होती चाळीस शेळ्यांची. सकाळपासून दहा वर्षांच्या लेकीला, युसराला सोबत घेऊन सर एकेक शेळी तोलत होते, पण एकतिसाव्या शेळीलाच त्यांचा दम संपला. घरी येऊन उरलेले नऊ आकडे त्यांनी बसल्या बसल्या मनानंच भरून टाकले.

“अब्बा, एकतिसावी सकिनाबींची, तुम्हाला ढुशी देणारी,” तक्त्यावर बोट ठेवत युसरा म्हणाली, “पण ही बत्तिसावी कुणाची?”

“असंल कुणाची तरी! जर्नलवाले काय बेंबळीला येऊन शेळ्या तोलणार हायत व्हय?”

“न्हाय तोलणार?”

“कशाला येतील, बेटा? त्यांचा आपल्यावर विश्वास असतो.”

युसरानं शहाण्यासारखी मान डोलावली.



मग कोपऱ्यातला वजनकाटा उचलून ती अंगणात गेली आणि अब्बांच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.