नाकवाल्यांची पैज

“लाव, इथेही लाव तुझं यंत्र!” सासरेबुवांनी कपड्यांचं कपाट सताड उघडलं.

सूनबाईने मैत्रिणीच्या कारखान्यातून मागून आणलेलं ते द्रवाची वाफ हुंगणारं मोबाइलएवढं यंत्र कपाटात धरलं. यंत्र गप्प.

काल दुकानात मात्र त्याने आकांत मांडला होता. ड्रायक्लीनिंगच्या मशीनजवळ नेलं, की किंचाळायचं. सूनबाईचं म्हणणं, मशीनचं झाकण गळतंय, धुलाईच्या द्रवाची वाफ हवेत पसरतेय, बाबांनी आता मशीन सोडून गल्ल्यावर बसावं. सासरेबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. तो द्रव त्यांचा तीस वर्षांचा सोबती. तेल, मेण, ग्रीस चुटकीसरशी विरघळवणारा, रेशमाला धक्का न लावणारा, काडी ओढली तरी पेट न घेणारा. उकळून त्याची वाफ थंड केली, की स्वारी पुन्हा कामाला हजर!

धुतलेला कोट सासरेबुवा नाकाशी धरत. “वास गेला,” म्हणाले, की कोट गिऱ्हाइकाच्या हातात. सगळा बाजार त्यांना ‘नाकवाले’ म्हणायचा. त्या नाकाला कालही काही कळलं नव्हतं. हल्ली तर वास कधीच येत नसे, आणि त्याचं श्रेय ते स्वतःच्या चोख कामाला देत.

म्हणून ही पैज. आज सुट्टी. घरात त्या द्रवाचा थेंब नाही. सासरेबुवा साबण लावून न्हालेले, अंगात घरचे स्वच्छ कपडे. इथेही यंत्र किंचाळलं, तर ते खोटं आणि मशीन त्यांचं. नाही किंचाळलं, तर उद्यापासून गल्ला.

पलंग झाला, स्वयंपाकघर झालं, चपलांचा कोपराही झाला. यंत्राने ब्रही काढला नाही. सासरेबुवांचा चेहरा पडला. उरलेलं आयुष्य पावत्या फाडत काढायचं, या विचाराने त्यांना रडूच यायला लागलं.

“राहू द्या आता, बाबा. हरलात तुम्ही.”

“चालू तरी आहे का हे, बघू दे!” त्यांनी यंत्र हिसकावून डोळ्यांशी नेलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

यंत्र किंचाळलं.

“बघ, बघ! घरातसुद्धा बोंबललं! जिंकलो की नाही?” सासरेबुवा यंत्र हातात घेऊन लहान मुलासारखे खदखदून हसू लागले. यंत्र आणखीच जोरात ओरडायला लागलं.

सूनबाई हसली नाही.

“बाबा, जरा श्वास रोखून धरा.”

त्यांनी श्वास रोखला. यंत्र गप्प झालं.